होडी का थांबते?

अकरावी विज्ञानाच्या नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात मी एक प्रश्न नेहमी विचारत आलो आहे. खाडीतून यांत्रिक होडी चालली आहे, तांडेलाने मध्येच इंजिन बंद केले, होडी आणखी थोडी पुढे जाते आणि थांबते. ती का थांबते? बंदरावरची मुले असोत किंवा आत डोंगराकडच्या वाड्यांतली, बहुतेक वेळा उत्तर एकच येते: "सर, इंजिनाने दिलेला जोर संपतो." हे उत्तर देणाऱ्यांनी नववीत गतीविषयक पहिला नियम शब्दशः लिहून पूर्ण गुण घेतलेले असतात. बाह्य असंतुलित बल नसेल तर गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते, हे वाक्य त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. मात्र होडीत साठलेला आणि हळूहळू संपणारा असा कोणताही जोर नसतो, होडीला पाणी अडवते म्हणून ती थांबते, हा त्याच वाक्याचा अर्थ आहे असे त्यांना कधी वाटलेले नसते. नियम वहीत राहतो आणि होडी खाडीत.

या उत्तराला हसण्याचे कारण नाही. ढकलणे थांबले की वस्तू थांबते, म्हणून गतीला सतत कारण लागते, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे विद्वानांनीही जवळजवळ दोन हजार वर्षे मानले होते. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून वेळ मोजली, घर्षण कमी करत गेले तर काय होईल असा विचार पुढे नेला, आणि 1687 मध्ये न्यूटनने नियम मांडले तेव्हा कुठे हे मत मागे पडले. आपल्या मुलाचा रोजचा अनुभव ॲरिस्टॉटलच्याच बाजूने साक्ष देतो. वल्हे थांबवले की होडी थांबते, रहाटाचा बैल थांबला की पाणी थांबते, रापण ओढणारे हात सैल पडले की जाळे जागेवर राहते. सगळीकडे घर्षण आणि पाण्याचा विरोध हजर असताना तो नसल्याची कल्पना करायला मुलाला कोणीतरी भाग पाडावे लागते.

कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल 2012 मध्ये मंडळ स्वतंत्र झाल्यापासून राज्यात सातत्याने पहिला येतो. 2024 मध्ये तो 99.01 टक्के होता. निकालाच्या दिवशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत जो आनंद असतो तो खोटा नाही. पाच-पाच किलोमीटर चालून येणारी मुले आणि एकाच वेळी तीन विषय शिकवणारे शिक्षक यांच्या कष्टाचा तो निकाल आहे. तरीही ज्या परीक्षेत जवळजवळ प्रत्येक जण उत्तीर्ण होतो, त्या परीक्षेने होडीचा प्रश्न कधी विचारलेला नसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. भौतिकशास्त्राची मूलतत्त्वे मुलांना आली की नाही याची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती प्रयोगशाळेच्या इमारतीवर, डिजिटल फळ्यावर किंवा शहरातल्या शिकवणीवर जाऊन थांबते. माझे म्हणणे वेगळे आहे. विद्यार्थ्याने एखाद्या गोष्टीचे भाकीत आधी करायचे, मग ती मोजायची, आणि भाकीत चुकले तर का चुकले ते शोधायचे, हे भौतिकशास्त्राचे पहिले तत्त्व आहे. नियम आणि सूत्रे त्यानंतर येतात. हे तत्त्व शिकवायला कोकणपट्टीसारखी जागा क्वचित मिळेल, आणि नेमके तेच आपण वर्षानुवर्षे टाळत आलो आहोत.

येथे एक खुलासा आधीच करतो, कारण "परिसरातून शिक्षण" हे शब्द ऐकले की माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा येतो. सफरचंदाच्या जागी नारळ लिहिणे आणि आगगाडीच्या उदाहरणात कोकणकन्या घालणे म्हणजे परिसरातून शिक्षण नव्हे. गणित तेच राहते, फक्त फळ बदलते. परिसराचा अनुभव मुलाला नुसता आठवून देऊन भागत नाही. तो तपासायला लावावा लागतो, कारण होडीच्या बाबतीत पाहिले तसे अनुभव बऱ्याच वेळा चुकीचेच शिकवतो.

भरतीचेच घ्या. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात एक नियम ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करावी, जितके येईल तितक्या वाजता भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. घड्याळ आणि पंचांग एवढ्या भांडवलावर पिढ्यान्पिढ्या होड्या पाण्यात गेल्या आणि कालवे-मुळे हे शिंपले काढायला बायका खडपावर उतरल्या. आता हाच नियम नववीच्या वर्गात फळ्यावर लिहावा आणि मुलांना पौर्णिमेची वेळ काढायला सांगावी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एकाची पाऊणपट, म्हणजे दुपारचा पाऊण वाजला. इतर सर्व दिवशी भरती पंचेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते आणि या एकाच दिवशी ती दीड तासाने उडी मारते, असे समुद्र खरोखर करतो का? वर्गातला एखादा तरी विद्यार्थी येथे थबकतो. तो थबकला की भौतिकशास्त्र सुरू झाले असे मी समजतो.

उत्तर कागदावर निघते. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात आणि तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत एक पूर्ण फेरा मागे पडतो. म्हणजे भरतीची वेळ एकूण चोवीस तास सरकते. चोवीस तास तीस तिथींवर वाटले तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे येतात. आपला नियम पंचेचाळीस धरतो. दर तिथीला तीन मिनिटे राहतात, आणि पंधरा तिथींची थकबाकी पंचेचाळीस मिनिटे होते. ती प्रतिपदेला एकदम फेडली जाते. म्हणजे खरा गुणक पाऊण नसून चार पंचमांश आहे. पण चार पंचमांशाचा पाढा कोणाला येतो? पाऊणकी सर्वांना पाठ होती. ज्या कामासाठी नियम हवा त्या कामाला अर्ध्या-पाऊण तासाची चूक चालत होती, म्हणून जुन्या माणसांनी सोपा अपूर्णांक निवडला, आणि भौतिकशास्त्रज्ञ आयुष्यभर याहून निराळे काही करत नाहीत. कोठे किती चूक चालेल हे ओळखून सोपे सूत्र वापरणे ही या शास्त्रातली मोठी कला आहे, आणि ती शिकवणारा एकही प्रश्न प्रश्नपत्रिकेत मला आजवर दिसलेला नाही.

कागदावरच्या अठ्ठेचाळीस मिनिटांवरही थांबू नये. धक्क्याच्या पायरीवर रंगाच्या खुणा करून पंधरा दिवस पाण्याची पातळी टिपली तर दिसते की रोजचा फरक सारखा नसतो. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत भरती त्याहून कमी मिनिटांनी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत बरीच जास्त. म्हणजे नियमातली दीड तासाची उडी नेमकी तेथे येते, जेथे समुद्र सर्वांत कमी सरकतो! या फरकाचे कारण सूर्य आहे, आणि सूर्यापाशी आले की मुलांची खरी परीक्षा होते. सूर्य पृथ्वीला ज्या बलाने ओढतो ते चंद्राच्या बलाच्या सुमारे 180 पट आहे. मग भरती सूर्याच्या तालावर का येत नाही? दहावीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा असतो, व्यस्त वर्गाचा नियम सर्वांना पाठ असतो, आणि तरी या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. भरतीचा संबंध ओढण्याच्या बलाशी नसून पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील बलांमधल्या फरकाशी आहे. हा फरक अंतराच्या वर्गाने नव्हे तर घनाने कमी होतो, म्हणून दूर असलेल्या अवाढव्य सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. याच एका मुद्द्यातून दिवसात दोन भरत्या का येतात तेही उलगडते: चंद्राकडचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते आणि पलीकडचे मध्यापेक्षा कमी, त्यामुळे फुगवटा दोन्हीकडे येतो.

भरतीच्या वेळा आता मोबाइलवर मिळतात, मग मोजायचे कशाला, असे एका पालकांनी मला विचारले होते. प्रश्न योग्य आहे. मोबाइलवरची वेळ बंदराची असते. खाडीच्या आत पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या गावात तीच भरती उशिरा पोहोचते. किती उशिरा? उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. खोली सरासरी चार मीटर धरली तर गुरुत्व त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे सव्वासहा मीटर प्रतिसेकंद येते, म्हणजे ताशी साधारण बावीस किलोमीटर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या आणि आतल्या अशा दोन शाळांनी एकाच दिवशी वेळा टिपल्या तर हा हिशेब ताडून पाहता येतो, तो जुळला नाही तर खाडीच्या तळाविषयी, गाळाविषयी काहीतरी कळते, आणि तो आकडा कोणत्याही मोबाइलवर तयार सापडत नाही.

आता भाषेविषयी. मराठी माध्यम की सेमी-इंग्रजी हा वाद आमच्या पालकसभांना पुरून उरतो, पण होडीच्या प्रश्नाला दोन्ही माध्यमांची मुले सारखेच उत्तर देतात, हे मी नमूद करू इच्छितो. खरी अडचण वेगळी आहे. बोलण्यात जोर, ताकद, बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. पुस्तकात त्यांतल्या बल, शक्ती आणि ऊर्जा या तिघांना काटेकोर आणि वेगवेगळे अर्थ आहेत. सेमीचा विद्यार्थी "फोर्स" लिहितो आणि मनात जोरच म्हणतो. वेगळेपण कळायला व्याख्या पुरत नाहीत, हिशेब लागतो. चिपळूणच्या मुलांना कोयनेचे अवजल वाशिष्ठीतून वाहताना रोज दिसते. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडून, जनित्रे फिरवून आलेले असते. एक हजार लिटर पाणी तेवढ्या उंचीवरून उतरले तर सुमारे 46 लाख ज्यूल ऊर्जा मिळते, आणि विजेच्या बिलावरच्या भाषेत ती जेमतेम 1.3 युनिट होते. प्रत्यक्षात यंत्रातली घट वजा जाता त्याहूनही कमी. टाकीभर पाणी घाटमाथ्यावरून कोकणात आणले आणि त्यातून गिझर तासभरही नीट चालला नाही, हे ज्याने स्वतः काढले त्याला ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक पुन्हा समजावावा लागत नाही, आणि धरणे एवढी मोठी का बांधावी लागतात तेही तो जाता जाता समजतो.

हा केवळ शाळेपुरता विषय असता तर मी एवढा लांबवर गेलो नसतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनजवळ आले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांवरचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, एवढे एकच तत्त्व घ्या. ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्र्यावर जेथे तीस-पस्तीस किलो वजनाएवढे बल येते, तेथे ताशी शंभरच्या वाऱ्यात ते सुमारे एकशे तीस किलोंवर जाते; छपराचा उतार आणि वाऱ्याची दिशा यांनी आकडा कमी-जास्त होईल, पण दुपटीची चौपट होणे चुकणार नाही. "मागच्या वादळाला टिकले होते, याही टिकेल" हे वाक्य त्या दिवसाआधी मी अनेकांच्या तोंडून ऐकले आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, स्वतःही म्हटले. वेग दीडपट झाला तर बल सव्वादोनपट होते हे मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो आणि माझ्या घराच्या मागच्या पडवीचे हुक मात्र जुनेच होते. वादळानंतर गावोगाव पत्रे पुन्हा बसले ते बहुतेक पूर्वीच्याच अंतरावर हुक ठोकून. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी आलेल्या पुरानंतर धरण, गाळ, पाऊस आणि भरती यांतील कशाचा वाटा किती, यावर शहरभर वाद झाले. नदीचे पाणी खाडीत उतरायला पातळीतला फरक लागतो आणि भरतीच्या वेळी तोच फरक कमी होतो, एवढ्या पायावर उभे राहून जो नागरिक त्या वादात बोलेल त्याला कोणी सहज फसवू शकणार नाही.

विज्ञानाविषयीचा अभिमानही आपण बहुधा मोजमापाशिवायच बाळगतो. विजयदुर्गावर सहलीला गेलेल्या मुलांना ओटे दाखवून सांगितले जाते की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या इंग्रजाने येथूनच हेलियमचा शोध लावला. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. ग्रहणाचे निरीक्षण करणारा फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट ग्रहणावाचून पाहिला तो 20 ऑक्टोबर 1868 रोजी, इंग्लंडमधून. पिवळ्या भागातली एक रेषा सोडियमच्या परिचित जोडरेषांच्या जागी बसत नव्हती, अगदी थोडी बाजूला होती. त्या थोडक्या अंतराकडे दुर्लक्ष झाले नाही म्हणून नव्या मूलद्रव्याचा संशय आला, आणि पृथ्वीवर ते हाती लागायला 1895 साल उजाडले. मुलांना किल्ल्यावर सांगण्यासारखी खरी गोष्ट ही रेषेच्या अंतराची आहे. गावाचे नाव मोठे करण्याच्या नादात आपण तीच गाळतो. विजयदुर्गाला मोठेपणासाठी हेलियमची गरज आहे असे मला तरी वाटत नाही.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण ते शिक्षकांच्या खोलीत मीच पूर्वी घेतलेले आहेत. अभ्यासक्रम संपत नाही, हा पहिला. तो खरा आहे. पंधरा दिवसांची भरती टिपायला वर्गातला वेळ मात्र फारसा लागत नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे आणि शेवटी दोन तास पुरतात. पाण्याजवळ मुले पाठवणे धोक्याचे आहे, हा दुसरा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो: मोजणी धक्क्यावरून, पायरीवरून किंवा पुलाच्या कठड्याआडून व्हावी, पाण्यात कोणी उतरू नये, पावसाळ्यात तर नाहीच. जेथे समुद्र नाही तेथे विहिरीची पातळी आहे, पाऊस आहे, सावलीची लांबी आहे. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ही मुले उद्या मुंबई-पुण्याला जाणार, सीईटी आणि नीटला बसणार, तेथे पाऊणकीचा काय उपयोग? उपयोग असा की त्या परीक्षांचे प्रश्नही शेवटी कोणते बल कोणावर आणि कोणत्या दिशेने लागते एवढ्यावरच उभे असतात, आणि ज्याला होडी का थांबते हे कळलेले नाही तो तेथे सूत्रांच्या यादीतून अंदाजाने एक उचलतो. घरातला एकमेव कमावता हात बोटीवर असताना शिकवणीसाठी लाखभर रुपये उभे करणाऱ्या पालकांना हे कोणी सांगत नाही.

माझी मागणी लहान आहे. दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी जे 20 गुण आहेत, त्यांतले पाच विद्यार्थ्याने स्वतः, स्वतःच्या गावात केलेल्या एका मोजमापाला द्यावेत. अट एकच असावी: मोजण्यापूर्वी काय येईल असे वाटते ते लिहून ठेवायचे, आणि ते खोडायचे नाही. ही अट मी का घालतो हे ज्यांनी प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासल्या आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग अकरावीत होतो, आणि चाळीसपैकी पस्तीस वह्यांत ते बरोबर 9.8 निघते. दोरा मोजताना गाठीपर्यंत मोजला की गोळ्याच्या मध्यापर्यंत, याने उत्तर सहज इकडेतिकडे होते, तरी ते बरोबर 9.8 निघते, कारण मुले आधी 9.8 लिहितात आणि मागे जात निरीक्षणे भरतात. आम्हीही त्या वहीवर लाल शाईने "छान" लिहितो. एका वर्षी एका मुलीने 9.4 लिहून आणले, खाली पेन्सिलने लिहिले होते, "वारा होता, खिडकी लागत नव्हती," आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा एक गुण कापला. मी तेथे उभा होतो आणि काही बोललो नाही.

भरतीच्या तक्त्यात तिसऱ्या दिवसाचा रकाना रिकामा असेल आणि शेजारी "पाऊस, जाता आले नाही" असे लिहिलेले असेल, तर त्या रकान्याला पूर्ण गुण द्यायचे, एवढी सूचना परीक्षकांना मंडळाकडून लेखी जायला हवी.